लेझरची फाइल डीएक्सएफमध्ये देताना शिरोरेषा सांभाळा

ऑर्डर आपली, डिझाइन आपलं, पण कटिंग दुसऱ्याच्या मशीनवर, अशी वेळ या धंद्यात येतेच. कधी आपल्या मशीनची ट्यूब जाते, कधी शीट आपल्या बेडपेक्षा मोठी निघते. तुमची फाइल लाइटबर्नची, आणि जॉबवर्कवाला वापरतो दुसरंच सॉफ्टवेअर. त्याच्याकडे ती उघडतच नाही. मग कामाला येते डीएक्सएफ. 1982 मध्ये ऑटोकॅडबरोबर आलेला हा फॉरमॅट आज जवळपास सगळी कॅड आणि लेझर सॉफ्टवेअर वाचतात.

फाइल मेनूत जा, एक्स्पोर्ट करा, डीएक्सएफ निवडा. झालं काम? मलाही तसंच वाटलं होतं. 12 नेमप्लेटची ऑर्डर होती, 3 मिमी काळं ॲक्रिलिक, आडनावं अखंड कापून हवी होती. पिशवी उघडली तर आत सुटी अक्षरं! प्रत्येक जोडावर शिरोरेषा कापलेली. जॉबवर्कवाल्याची काही चूक नव्हती. फाइलमध्ये रेष होती, मशीनने ती कापली. नवीन शीट माझ्या खिशातून आली.

असं का झालं ते नीट समजून घ्या. पडद्यावर मराठी शब्द अखंड दिसतो, पण फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर हा वेगळा आकार असतो आणि त्याची शिरोरेषा शेजारच्या अक्षराला भिडते किंवा त्यावर थोडी चढते. टेक्स्टचं कर्व्ह केलं की प्रत्येक अक्षराची स्वतंत्र बाह्यरेषा तयार होते आणि जोडावर आडव्या-उभ्या रेषा राहून जातात. इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये हे फारसं कोणी सांगत नाही, कारण त्यांची अक्षरं मुळात सुटीच!

म्हणून आधी मूळ फाइलची कॉपी ठेवा (नंतर स्पेलिंग बदलता येत नाही). कोरलड्रॉमध्ये टेक्स्ट निवडून कंट्रोल आणि क्यू दाबा, म्हणजे कर्व्ह होईल. मग अख्खा शब्द वेल्ड करा. लाइटबर्नमध्येही वेल्ड आहे. त्यानंतर वायरफ्रेममध्ये बघा: शिरोरेषेच्या आत एकही आडवी-उभी रेष दिसायला नको. 'शिंदे'वरचं टिंब मात्र वेल्ड करूनही सुटंच राहतं. ते बेसवर वेगळं चिकटवायचं की शिरोरेषेला टेकवायचं, हे गिऱ्हाइकाला आधीच विचारा.

दुसरा घोळ मापाचा. डीएक्सएफमधला 100 हा आकडा मिमी आहे की इंच, हे समोरचं सॉफ्टवेअर बरोबर ओळखेलच असं नाही. चुकलं तर डिझाइन 25.4 पट मोठं किंवा लहान. डिझाइनशेजारी 100 मिमीचा एक चौकोन वेगळ्या रंगात काढा आणि समोरच्याला फाइल उघडल्यावर तो मोजायला सांगा.

एकावर एक बसलेल्या डुप्लिकेट रेषा काढून टाका, नाहीतर तीच जागा दोनदा जळेल. पॉवर, स्पीड डीएक्सएफमध्ये जात नाहीत. फोटो एनग्रेव्हिंगही जात नाही, तो फोटो वेगळा द्या.

फाइलसोबत मी आता हा मेसेज पाठवतो: "3 मिमी काळं ॲक्रिलिक, 12 नग. लाल रेष कटिंग, निळी एनग्रेव्हिंग. हिरवा चौकोन 100 मिमी आहे, फक्त मोजायचा, कापायचा नाही. आधी एकच पीस कापून फोटो पाठवा, मी ओके म्हटल्यावर बाकीचे लावा."