लॅबचे नेट रखडतेय? आधी स्विचचा पोर्ट बघा

शिक्षक मित्रांनो, पालकहो, खडवली स्टेशन डोळ्यांसमोर आणा. अप आणि डाउन गाड्यांना वेगळे रूळ, म्हणून समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबावे लागत नाही. इथरनेटमध्ये हेच फुल डुप्लेक्स. एकच रूळ असेल तर आळीपाळीने जायचे, ते हाफ डुप्लेक्स.

आयट्रिपलई ८०२.३ या मानकानुसार स्विचचा पोर्ट आणि संगणक वेग व पद्धत आपसात ठरवतात. याला ऑटो-निगोशिएशन म्हणतात. पण एका टोकाला कुणी '१०० एमबीपीएस, फुल' असे पक्के केले आणि दुसरे ऑटोवरच राहिले, तर दुसऱ्याला वेग कळतो, पद्धत कळत नाही. ते हाफ धरून चालते. पोर्टचा दिवा लागतो, पण नेट रखडते.

मग आपण संगणकालाच जुना ठरवतो! नवे घेण्याआधी दोन्ही टोके ऑटोवर ठेवून बघा. कदाचित शाळेचे पैसे वाचतील.