आपल्या उशाशी उभा असलेला सातपुडा



काही वर्षांपूर्वी इयत्ता नववीच्या वर्गास मी 'माझ्या परिचयाचे एक पर्वतस्थान' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. धडगावकडील एका पाड्यातून येऊन वसतिगृहात राहिलेल्या एका मुलाने काश्मीरवर निबंध लिहिला. बर्फाची शिखरे, केशराची शेते, सरोवरातील शिकारे, सर्व काही त्यात होते. अक्षर सुरेख आणि शुद्धलेखन निर्दोष. मी त्यास वर्गात सर्वांहून अधिक गुण दिले.

पुढे दिवाळीच्या सुटीत तो घरी निघाला असता मी सहज विचारले, "तुझे गाव कोणत्या बाजूस रे?" तो म्हणाला, "सर, अस्तंभ्याच्या पायथ्याशी." "मग त्या डोंगरावर निबंध का नाही लिहिलास?" त्याने मान खाली घातली व म्हणाला, "तो तर आमचाच डोंगर आहे, सर. त्याच्यावर कोण निबंध लिहितो?"

हे उत्तर ऐकून मला स्वतःचीच लाज वाटली. न पाहिलेल्या काश्मीरास मी पूर्ण गुण दिले होते, आणि जो डोंगर वर्गाच्या खिडकीतून स्वच्छ दिवशी दिसतो त्याचे नावही मी फळ्यावर कधी लिहिले नव्हते. प्रस्तुत पाठ ही त्या चुकीची भरपाई होय.

पर्वताची घडण

नकाशा उघडून पाहा. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर नर्मदा, दक्षिणेकडील सपाटीत तापी, आणि दोहोंच्या मधे सातपुडा. भारतातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहतात. या दोन मात्र पश्चिमेकडे वाहत जाऊन अरबी समुद्रास मिळतात. याचे कारण असे की, भूकवचास भेगा पडून दोन्ही बाजूंचे पट्टे खचले आणि मधला भाग उंच राहिला. खचलेल्या भागांतून नद्या वाहू लागल्या, आणि उंच राहिलेला भाग तो सातपुडा. आपल्याकडील त्याचा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर पडलेल्या लाव्हारसाचा आहे. सात पुडांचा, म्हणजे सात घड्यांचा, तो सातपुडा, अशी त्याच्या नावाची फोड सांगतात. अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांतून फिरताना एक रांग ओलांडावी तो दुसरी पुढे उभी, असा अनुभव आला म्हणजे ती फोड मनास पटते.

अस्तंभा

अक्राणी तालुक्यातील अस्तंभा डोंगराची उंची १३२५ मीटर आहे. संपूर्ण सातपुड्यातील सर्वांत उंच शिखर, मध्य प्रदेशातील पचमढीजवळचे धूपगड, १३५० मीटर आहे. म्हणजे आपला डोंगर त्याहून केवळ २५ मीटरांनी कमी!

धनत्रयोदशीपासून येथे अश्वत्थाम्याची यात्रा भरते. महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेश येथील आदिवासी बांधव अवघड वाटेने शिखर चढून जातात. महाभारताची कथा तुम्हांस ठाऊक आहेच. द्रोणपुत्राने रात्री झोपलेल्या पांडवपुत्रांचा वध केला. त्याच्या मस्तकावरील मणी काढून घेण्यात आला, आणि भळभळती जखम घेऊन रानोमाळ भटकण्याचा शाप त्यास मिळाला. तो या डोंगरांत जखमेसाठी तेल मागत फिरतो, वाट चुकलेल्यास वाटही दाखवितो, असे येथील भाविक सांगतात. ग्रंथाने ज्यास शाप देऊन सोडून दिले, त्याच्या वेदनेची आठवण डोंगरातील लोकांनी ठेवली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. अपराध्याचीही जखम ही जखमच असते, हे पुस्तकातून शिकविणे कठीण आहे.

सुटीनंतर त्या मुलास मी दुसरा निबंध लिहावयास सांगितला. तो जेमतेम एक पान भरला, आणि शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. परंतु त्यात लिहिले होते की, यात्रेच्या रात्री डोंगरावर दिव्यांची रांग हलताना दिसते, आणि त्याची आई वाटसरूंसाठी अंगणात पाण्याची घागर भरून ठेवते व ती रिकामी झाली की मध्यरात्री उठून पुन्हा भरते. तो निबंध मी वर्गात मोठ्याने वाचून दाखविला.

तोरणमाळ

शहाद्याहून सुमारे पन्नास किलोमीटरांवर, घाट चढून गेल्यावर तोरणमाळचे पठार लागते. त्याची उंची अकराशे मीटरांहून अधिक आहे. यशवंत तलाव, कमळांचा तलाव व सीताखाईची खोल दरी ही तेथील प्रेक्षणीय स्थळे होत. नाथपंथाचे हे जुने ठाणे. मच्छिंद्रनाथांची गुहा व गोरक्षनाथांचे मंदिर येथे असून महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. पावसाळ्यात धुके दाट असते व घाटात दरडी कोसळण्याचे भय असते. यास्तव पाऊस ओसरल्यावर जाणे उत्तम.

काठीची होळी

अक्कलकुवा तालुक्यातील काठी या जुन्या संस्थानी गावची राजवाडी होळी सर्वदूर प्रसिद्ध आहे. तिची परंपरा इ. स. १२४६ पासूनची सांगितली जाते. उंच बांबू उभारून रात्रभर ढोलाच्या तालावर नृत्य चालते, आणि होळी पेटते ती पहाटे. मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेस भोपळे व घुंगरू बांधलेले नर्तक पाहून परक्यास ती केवळ गंमत वाटते. परंतु त्यांपैकी पुष्कळांनी नवस म्हणून कित्येक दिवस कडक व्रत पाळलेले असते. पाहण्यास जाणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे, आणि छायाचित्र घेण्यापूर्वी अनुमती मागावी.

प्रकाशे

तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे हे 'दक्षिण काशी' म्हणून ओळखले जाते. केदारेश्वर व पुष्पदंतेश्वर यांची मंदिरे येथे आहेत. या गावाचे वय मात्र मंदिरांहून फार अधिक आहे. १९५५ साली भारतीय पुरातत्त्व खात्याचे श्री. बी. के. थापर यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगातील वस्तीचे अवशेष सापडले. म्हणजे तीन हजार वर्षांहूनही पूर्वी या काठावर माणसे मडकी घडवीत व चुली पेटवीत होती.

नर्मदाकाठ

महाराष्ट्राच्या वाट्यास नर्मदेचा केवळ ५४ किलोमीटरांचा काठ आला आहे, आणि तो सर्व आपल्याच जिल्ह्यात आहे. परिक्रमावासी ज्यास 'शूलपाणीची झाडी' म्हणतात ते हेच रान. तेथे भिल्ल यात्रेकरूंस लुटतात, असे पूर्वी सर्वत्र सांगत. आज त्याच पाड्यांवर यात्रेकरूंस भाकरी व रात्रीचा निवारा मिळतो, हेही तितक्याच मोठ्याने सांगितले पाहिजे.

सरदार सरोवराच्या जलाशयाने या काठाचे रूप पालटले. मणिबेलीजवळचे जुने शूलपाणेश्वर मंदिर पाण्याखाली गेले. त्याच नावाचे नवे मंदिर गुजरातेत गोरा येथे उभे आहे. आपल्या जिल्ह्यातील ३३ गावे या धरणाच्या बुडित क्षेत्रात आली, आणि अनेक कुटुंबे तळोदा व शहादा तालुक्यांतील सपाटीवर वसविली गेली. मंदिर दुसरीकडे बांधता येते. परंतु गावाशेजारचा ओढा, देवाचे झाड, पूर्वजांच्या स्मृतीचे दगड, ही कशी हलवावी? ती आता केवळ वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात उरली आहेत. ते बोलणे आपण लिहून न ठेवल्यास तेही बुडेल, आणि त्याचा दोष कोणत्याही धरणास देता येणार नाही.

उपसंहार

मित्रहो, हिमालय अवश्य पाहा, काश्मीरही पाहा. परंतु तेथे कोणी विचारले, "आपण कोठले?" तर "आम्ही सातपुड्याचे" असे मान वर करून सांगता यावे. पालकांस माझी एवढीच विनंती आहे की, मुले सुटीत घरी आली म्हणजे त्यांस एकदा डोंगरावर न्यावे, आणि आपल्या भिलोरीत, पावरीत, मावचीत वा कोकणीत तेथील नावे सांगावी. त्या भाषेची शाळेत कोणासही लाज वाटू नये, ही जबाबदारी आम्हा शिक्षकांची.

स्वाध्याय

१. जिल्ह्याचा नकाशा काढून त्यात वरील पाचही स्थाने दाखवा.

२. नर्मदा व तापी पश्चिमेकडे का वाहतात, ते आकृतीसह सांगा.

३. आपल्या आजोबांस किंवा आजीस विचारून गावाजवळील पाच डोंगरांची वा ओढ्यांची नावे, त्यांच्याच बोलीत, लिहून आणा. या प्रश्नास शुद्धलेखनाचे गुण कापले जाणार नाहीत.