ब्रह्मदेश : धम्माचा शेजारी आणि बंदुकीचे राज्य

दरवर्षी अशोक विजयादशमीला आमच्या विहारांतून नागपूरच्या दीक्षा सोहळ्याची आठवण निघते, तेव्हा पूज्य भदन्त चंद्रमणी महास्थवीर यांचे नाव आपण आदराने घेतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांना त्यांनी त्रिशरण आणि पंचशील दिले. हे महास्थवीर मूळचे ब्रह्मदेशातील आराकानचे. लहान वयात भारतात आले आणि कुशीनगरला त्यांनी आपले आयुष्य घालविले. म्हणजे ज्या देशातील एका भिक्खूच्या मुखातून आपल्या उद्धारकाने धम्म स्वीकारला, त्या देशाविषयी आपणांस किती माहिती आहे? तुरीचा भाव पडला की "ब्रह्मदेशची तूर आली" एवढे मोंढ्यात ऐकू येते आणि अधूनमधून वर्तमानपत्रात लष्कराची बातमी येते. या देशाचा त्याच्या शेजाऱ्यांशी आणि विशेषतः आपल्याशी कसा संबंध आला, याचा थोडक्यात अभ्यास करावा म्हणून हा लेख.

सुरुवात फार मागे जाते. सम्राट अशोकाच्या काळी पाटलीपुत्र येथे मोग्गलिपुत्त तिस्स यांच्या अध्यक्षतेखाली तिसरी धम्मसंगीती झाली आणि निरनिराळ्या प्रदेशांत धम्मदूत पाठविण्यात आले. सिंहलद्वीपाच्या 'महावंस' ग्रंथात त्यांची यादी आहे. तीत महारट्ठ देशी महाधम्मरक्खित थेर गेले आणि सुवण्णभूमीस सोण व उत्तर हे दोन थेर गेले, अशी नोंद आहे. महारट्ठ म्हणजे आपला महाराष्ट्र. सुवण्णभूमी म्हणजे आपलाच थाटोन प्रांत, असे ब्रह्मी लोक मानतात. ते मानणे बरोबर धरले तर महाराष्ट्र आणि ब्रह्मदेश हे एकाच संगीतीचे धम्मबंधू ठरतात. आपल्या जालना जिल्ह्यातील भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन होय. उज्जैनहून पैठणकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरील या नगरातील दात्यांची नावे सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर कोरलेली आहेत. आपल्याकडे तो धम्म पुढे लोप पावला आणि त्यांच्याकडे टिकला, एवढाच काय तो फरक.

परंतु बौद्ध राष्ट्र म्हटले की तेथे सर्व शांतीच नांदत असेल, हा आपला समज भोळा आहे. ब्रह्मी राजांनी पॅगोडे बांधले तसे शेजारी देशही जाळले. १७६७ साली त्यांच्या सैन्याने सयामची राजधानी अयुथ्या उद्ध्वस्त केली. जिंकणारे बौद्ध, हरणारेही बौद्ध, आणि जळालेल्या विहारांतील मूर्तीही तथागतांच्याच! सतरा-अठरा वर्षांनी बोदवपया राजाने आराकान जिंकले आणि तेथील पूज्य महामुनी बुद्धमूर्ती उचलून आपल्या राजधानीकडे नेली. ती आजही मंडालेत आहे. पुढे मणिपूर आणि आसामवर स्वाऱ्या झाल्या, आणि त्यातून ब्रह्मी सत्तेची गाठ इंग्रजांशी पडली. १८२४ ते १८२६ च्या पहिल्या युद्धानंतर यांदाबूच्या तहाने आराकान, तेनासरीम आणि आसाम हातचे गेले. १८५२ च्या दुसऱ्या युद्धात खालचा ब्रह्मदेश गेला. १८८५ साली उरलेले राज्य संपले.

या तिसऱ्या युद्धाने ब्रह्मदेश थेट महाराष्ट्राच्या दारात आणून सोडला. शेवटचा राजा थिबा याला पदच्युत करून इंग्रजांनी आधी मद्रासला आणि १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवले. तेथील थिबा पॅलेस आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तो वाडा राजाला १९१० साली मिळाला, आणि त्यात सहा वर्षे राहून डिसेंबर १९१६ मध्ये त्याने देह ठेवला. राणी सुपयालत पुढे मायदेशी परतली. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीतच येऊन राहिली, आणि तिची मुलगी टुटू मराठी बोलत, साध्या गरिबीच्या संसारात म्हातारी झाली. याच्या उलट दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर रंगूनला कैदेत १८६२ साली वारला. इकडचा राजा तिकडे आणि तिकडचा राजा इकडे, अशी ही इंग्रजांची अदलाबदल होती. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते हे शाळेत सर्वांना शिकविले जाते; थिब्याविषयी मात्र दोन ओळीही नसतात.

इंग्रजांनी ब्रह्मदेश हिंदुस्थानला जोडला आणि १ एप्रिल १९३७ रोजी तो वेगळा केला. या मधल्या पन्नास वर्षांत तेथे हिंदी माणसाची जी प्रतिमा झाली ती समजल्याशिवाय पुढचे राजकारण समजत नाही. हिंदी शिपाई, हिंदी कारकून, हिंदी हमाल आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे चेट्टियार सावकार. भातशेतीला भांडवल त्यानेच पुरविले, हे खरे. पण १९३० च्या मंदीत भाताचे भाव कोसळले, हप्ते थकले आणि तारणातील जमिनी सावकाराच्या नावावर चढू लागल्या. १९३७-३८ पर्यंत खालच्या ब्रह्मदेशातील भातजमिनीचा सुमारे चौथा हिस्सा चेट्टियारांकडे गेला होता. बँकेत तारणाचे कागद रोज हाताळणाऱ्या आम्हांला या आकड्याचा अर्थ लगेच कळतो. सावकाराच्या वहीत ती थकबाकीची वसुली असते. ज्याची जमीन गेली त्याच्या घरात मात्र तीन पिढ्यांचा राग साठतो. १९४२ साली जपानी फौजा आल्या तेव्हा लाखो हिंदी लोक जंगलवाटांनी पायी आसाम-मणिपूरकडे निघाले आणि त्यांतील हजारो वाटेतच मेले.

४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. राष्ट्रनेते आँग सान यांची आदल्या वर्षीच, १९ जुलै १९४७ रोजी, हत्या झाली होती. मृत्यूपूर्वी त्यांनी शान, काचिन आणि चिन या डोंगरी लोकांच्या पुढाऱ्यांबरोबर पांगलाँग येथे करार करून त्यांना अंतर्गत कारभारात स्वायत्तता कबूल केली होती. तो शब्द पाळला गेला असता तर पुढील पंच्याहत्तर वर्षांचा रक्तपात कदाचित टळला असता. पंतप्रधान ऊ नू आणि पंडित नेहरू यांची मैत्री होती. १९५१ साली मैत्रीचा करार झाला आणि १९५५ ची बांडुंग परिषद भरविणाऱ्या पाच राष्ट्रांत दोन्ही देश होते.

हाच काळ आपल्या दृष्टीने मोलाचा आहे. १९५४ साली रंगूनला सहावी धम्मसंगीती सुरू झाली होती. बाबासाहेब त्या एका वर्षात दोनदा ब्रह्मदेशी गेले. डिसेंबरात तिसऱ्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले तेव्हा त्यांची प्रकृती ढासळलेली होती. तेथील बुद्ध शासन समितीला त्यांनी भारतात धम्मप्रसार कसा करावा याची सविस्तर योजना लिहून दिली. परत आल्यावर २५ डिसेंबर १९५४ रोजी पुण्याजवळ देहूरोड येथे त्यांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. धर्मांतरापूर्वी दोन वर्षे महाराष्ट्राच्या मातीत ही मूर्ती बसली, ती ब्रह्मदेशची भेट होती. पुढे सत्यनारायण गोयंकाजींनी रंगूनच्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून शिकलेली विपश्यना १९६९ साली भारतात आणली आणि इगतपुरीस केंद्र उभे राहिले. हेही त्याच खात्यावरचे देणे आहे.

२ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन याने सत्ता घेतली आणि लोकशाही संपली. दुकाने, पेढ्या, गिरण्या सरकारजमा झाल्या. पिढ्यान्पिढ्या राहिलेले सुमारे तीन लाख भारतीय वंशाचे लोक नेसत्या वस्त्रानिशी भारतात परतले. जुन्या सावकारीचा राग लष्कराने असा वापरला, आणि त्यात भरडले गेले बहुतेक हमाल व छोटे दुकानदार. दिल्लीने फारशी खळखळ केली नाही. १९६७ साली सीमा ठरविणारा करारही करून घेतला. ही सीमा १,६४३ किलोमीटरची असून अरुणाचल, नागालँड, मणिपूर आणि मिझोरम या चार राज्यांना लागून आहे. ने विनने देशाची दारे अशी लावून घेतली की १९७९ साली अलिप्त राष्ट्रांच्या चळवळीतूनही तो देश बाहेर पडला.

१९८८ च्या ऑगस्टमध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, हजारो मेले. त्या वेळी भारताने उघडपणे लोकांची बाजू घेतली. आकाशवाणीवरून ब्रह्मी भाषेत कार्यक्रम होत, पळून आलेल्या विद्यार्थ्यांना मणिपूर-मिझोरममध्ये आसरा मिळाला. १९९० च्या निवडणुकीत आँग सान सू ची यांच्या पक्षाने प्रचंड बहुमत मिळविले, पण लष्कराने सत्ता सोडली नाही. मग दिल्लीतील हिशेब बदलला. ईशान्येतील बंडखोरांचे तळ सीमेपलीकडे होते, आणि चीन लष्करशहांना शस्त्रे देऊन रस्ते-बंदरे बांधू लागला होता. १९९४ साली सीमाव्यापाराचा करार झाला, १९९५ ला मोरे येथील नाका उघडला. त्याच सुमारास सू ची यांना भारताचा जवाहरलाल नेहरू पुरस्कारही मिळाला! एका हाताने पुरस्कार आणि दुसऱ्या हाताने करार.

इतर शेजाऱ्यांनीही निराळे काही केले नाही. थायलंडने ब्रह्मी समुद्रातील वायू विकत घेतला, आणि त्याच थायलंडच्या सीमेवर १९८४ पासून कारेन निर्वासितांच्या छावण्या आहेत. आग्नेय आशियाई राष्ट्रांच्या 'आसियान' संघटनेने १९९७ साली लष्करी राजवटीला सभासद करून घेतले. चीनने आराकान किनाऱ्यापासून युनानपर्यंत नळ टाकून २०१३ साली वायू नेण्यास सुरुवात केली. सर्वांत जड ओझे बांगलादेशावर पडले. रोहिंग्या मुसलमान १९७८ साली, पुन्हा १९९१-९२ साली आणि ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक संख्येने सीमा ओलांडून गेले.

येथे आम्हांला स्पष्ट बोलले पाहिजे. रोहिंग्यांची गावे जाळणारे सैन्य स्वतःला बौद्ध धर्माचे रक्षक म्हणवीत होते आणि काही भिक्खूंनीही द्वेषाची भाषणे केली. ज्या समाजाची वस्ती गावकुसाबाहेर होती, ज्यांच्या झोपड्या जाळल्या गेल्या, त्या समाजाने हे "आपल्या धर्माचे लोक" म्हणून झाकून घ्यावे काय? आमच्या मते मुळीच नाही. सेनापतीने पॅगोड्यावर सोन्याचा पत्रा चढविला म्हणून करुणा येत नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात भिक्खूसंघाच्या सभांना संसदीय नियम माहीत होते असे दाखवून दिले आणि त्याच भाषणात राजकारणातील व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला. संघाचा वारसा मतदानाचा आहे, बंदुकीचा नाही.

तो वारसा ब्रह्मदेशच्याच भिक्खूंनी २००७ साली दाखविला. इंधनाचे दर एकाएकी वाढले, गरिबांचे हाल झाले आणि सप्टेंबरात हजारो भिक्खू मेत्तसुत्त म्हणत रस्त्यावर आले. विनयात 'पत्तनिकुज्जन' म्हणून एक कर्म आहे : उपासक अधर्माने वागला तर संघ आपले भिक्षापात्र पालथे करतो, त्याचे दान नाकारतो. भिक्खूंनी लष्करी अधिकाऱ्यांचे दान असे नाकारले. बौद्ध देशात राज्यकर्त्याला याहून मोठी शिक्षा नाही. उत्तर म्हणून विहारांवर छापे पडले. आणि त्याच सप्टेंबरात भारताचे पेट्रोलियम मंत्री मुरली देवरा तेल-वायूच्या करारांसाठी ब्रह्मदेशात होते.

२०१५ च्या निवडणुकीनंतर सू ची यांचे सरकार आले, पण १ फेब्रुवारी २०२१ रोजी सेनापती मिन आँग ह्लाइंग याने तेही उलथविले. एप्रिलमध्ये 'आसियान'ने हिंसा थांबविण्यासाठी पाच कलमे ठरविली. लष्कराने ती बासनात गुंडाळून ठेवली. सू ची यांनी २०१९ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात याच लष्कराच्या बाजूने उभे राहून रोहिंग्यांवरील वंशसंहाराचा आरोप नाकारला होता. ज्याची वकिली केली त्यानेच त्यांना तुरुंगात टाकले.

त्यानंतर चारच महिन्यांनी, जून २०२१ मध्ये, भारताने ब्रह्मदेशाशी डाळींचा करार केला. २०२५-२६ पर्यंतच्या पाच वर्षांसाठी दरसाल अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर. शहरात डाळ महागू नये हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. पण या कराराची झळ जालना-परतूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला बसते, आणि तूर विकून पीककर्ज फेडणारा तो शेतकरी आमच्या ओळखीचा आहे. तिकडे ती तूर पिकविणारा शेतकरी मध्य ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यातील आहे. सागाइंग आणि मग्वे हे त्या पट्ट्यातले भाग, आणि २०२१ नंतर लष्कराने सर्वाधिक गावे जाळली तीही तेथेच. परराष्ट्र धोरण म्हणून जे दिल्लीत ठरते, त्याची किंमत दोन्हीकडे कोरडवाहू माणूसच मोजतो.

सीमेवर मात्र वेगळेच घडले. चिन डोंगरातून पळालेल्या हजारो लोकांना परत पाठवावे, अशी केंद्राची सूचना असताना मिझोरम राज्याने ती मानली नाही. मिझो आणि चिन एकाच रक्ताचे म्हणून गावागावांतून धान्य गोळा झाले, चर्चच्या आवारात आणि लोकांच्या घरांत त्यांची सोय झाली, मुलांना शाळांत घेतले गेले. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या रहिवाशांना सोळा किलोमीटरपर्यंत विनापरवाना ये-जा करण्याची जुनी मुभा होती. ती बंद करून कुंपण घालण्याचे केंद्राने २०२४ च्या आरंभी जाहीर केले, आणि मिझोरम विधानसभेने त्याविरुद्ध ठराव केला.