कच्चे मडके आणि मनाचे आरोग्य

‘तपासण्या सगळ्या ठीक आल्या, पण झोप लागत नाही, छातीवर दडपण वाटते, कशात मन रमत नाही.’ अशी तक्रार आज घरोघरी ऐकू येते. त्यावर दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, ‘मनाला लावून घेऊ नका.’ दुसरा म्हणतो, ‘देवाधर्माचे पाहा.’ दोन्ही सल्ले आपुलकीचेच. पण आपल्या मनात काय चालले आहे ते पाहायचे कसे, हे कोणी सांगत नाही. त्याचा धडा आपल्याच जिल्ह्यातील एका संताच्या चरित्रात आहे.

नामदेवांची गोष्ट

संत नामदेवांचा जन्म १२७० सालचा. हिंगोली तालुक्यातील नरसी हे त्यांचे जन्मगाव मानले जाते. परंपरा सांगते की, संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी मडकी पारखण्याच्या थापटण्याने प्रत्येकाचे डोके थोपटले. बाकीचे शांत राहिले, नामदेव मात्र रागावले. ‘हे मडके कच्चे’ असा निर्णय झाला. दुखावलेल्या नामदेवांनी विठ्ठलाकडे गाऱ्हाणे नेले. विठ्ठलाने त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवले. औंढा नागनाथाच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेवांनी हटकताच ते म्हणाले, ‘जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव.’ तशी जागा सापडेना, आणि नामदेवांचे डोळे उघडले.

आरोग्याच्या दृष्टीने

या गोष्टीतून तीन बाबी घेण्यासारख्या आहेत.

पहिली, नामदेवांनी दुखणे लपवले नाही. राग आला, तो बोलून दाखवला. मनात दाबलेले दुःख पुष्कळदा डोकेदुखी, निद्रानाश, पोटाच्या तक्रारी अशा रूपाने शरीरावर उमटते.

दुसरी, ते एकटे कुढत बसले नाहीत; जाणत्या माणसाकडे गेले. मदत मागण्यात कमीपणा नाही.

तिसरी, आत उजेड पडल्यावर ते लोकांपासून तुटले नाहीत. पुढे ते पंजाबात गेले, घुमान येथे राहिले. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. मन बरे होत असल्याची खूण हीच, की माणूस पुन्हा माणसांत येऊ लागतो.

घरी काय करावे?

रोज रात्री पंधरा मिनिटे शांत बसावे. श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. त्याने छातीची धडधड मंदावते. मग स्वतःला विचारावे : आज कशाचा राग आला? कशाची भीती वाटली? कोणाशी बोलायचे राहिले? उत्तरे वहीत लिहावीत. लिहिता येत नसेल तर विश्वासाच्या माणसाला सांगावीत. भजनाला बसावे, सकाळी चालावे. नामस्मरणाने मन स्थिर होत असेल तर ते जरूर करावे.

हे मात्र विसरू नका

साधना ही औषधाला जोड आहे, औषधाच्या जागी नाही. थायरॉईड, मधुमेह, बी-१२ ची कमतरता यांमुळेही थकवा व उदासी येते. म्हणून तपासणी आधी. वारीत किंवा उपवासात रक्तदाबाच्या, साखरेच्या वा मनाच्या आजाराच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टरांना विचारूनच बदल करावा.

जो गोळ्या फेकायला सांगतो, पैसे उकळतो किंवा घरच्यांपासून तोडतो, तो गुरू नव्हे. भूतबाधेच्या नावाखाली मारहाण करणे हा तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर डॉक्टरांना भेटावे. जगणे नकोसे वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. १४४१६ या सरकारी ‘टेलि-मानस’ क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. नापिकी, कर्ज, लग्नाचा खर्च यांनी खचलेला माणूस घरात असेल तर त्याला एकटे सोडू नका. उपदेश नंतर करा, आधी त्याचे ऐका.

कच्चे मडके कुंभार फेकून देत नाही, भट्टीत घालतो. आपण अजून कच्चे आहोत हे ज्याला कळले, त्याचे बरे होणे सुरू झाले असे समजावे.