कणांचा आघात आणि धातूचे कवच

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे गाव शके ९८२ (इ. स. १०६०) च्या मराठी ताम्रपटामुळे अभ्यासकांना परिचित आहे. तांब्यावर अक्षरे उमटविण्यासाठी ते वितळवावे लागत नाही. छिन्नीच्या आघाताने थंड तांबेही दबते व नवा आकार कायम धारण करते. याच किनाऱ्यावर उघडे लोखंड मात्र खाऱ्या वाऱ्याने लवकर गंजते. घन धातूच्या आकार बदलण्याच्या गुणाचा उपयोग करून लोखंडावर संरक्षक कवच चढविता येते. या तंत्रास ‘शीत फवारणी’ म्हणतात.

शीत फवारणी म्हणजे काय?

रूढ फवारणीत धातू वितळवून त्याचे थेंब उडवितात. शीत फवारणीत धातूची भुकटी घन स्थितीतच राहते. दाबाखालील तप्त वायू विशिष्ट आकाराच्या तोटीतून ध्वनीहून अधिक वेगाने बाहेर पडतो आणि बहुधा ५ ते ५० मायक्रोमीटर व्यासाचे कण पृष्ठभागावर आदळवितो. नोवोसिबिर्स्क येथे अनातोली पापिरिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हे तंत्र विकसित केले. भारतात हैदराबादच्या एआरसीआय या संस्थेत त्यावर संशोधन झाले आहे.

कण मंद असेल तर उसळून परत जातो. अतिवेगवान असेल तर पृष्ठभाग झिजवितो. चिकटण्यास आवश्यक असा किमान वेग म्हणजेच ‘क्रांतिक वेग’ होय.

संगणकावरील आघात

२५ मायक्रोमीटर व्यासाच्या तांब्याच्या कणाचा वेग सेकंदाला ५०० मीटर असेल, तर स्वतःच्या व्यासाइतके अंतर तो सेकंदाच्या दोन कोटीव्या भागात तोडतो. एवढ्या अल्प काळात कणाच्या अंतर्भागात काय घडते, हे प्रत्यक्ष पाहता येत नाही. म्हणून संगणकात कण व पृष्ठभाग यांची सूक्ष्म घटकांच्या जाळ्यात विभागणी करून प्रत्येक घटकाचे विरूपण क्षणाक्षणाला मोजले जाते. त्यासाठी जॉन्सन व कुक यांचे १९८३ चे सूत्र बहुधा वापरतात. विरूपणासोबत व त्याच्या वेगासोबत धातू कठीण होतो, तापल्यावर मऊ होतो, हे त्याचे सार आहे.

वरील कणाची सर्व गतिज ऊर्जा उष्णता होऊन त्याच्यातच सारखी पसरली, तरी तापमान सुमारे ३२५ अंश सेल्सियसनेच वाढेल. तांबे मात्र सुमारे १०८५ अंशांवर वितळते. म्हणजे संपूर्ण कण वितळत नाही. परंतु उष्णता सारखी न पसरता स्पर्शाच्या कडेशी एकवटते. तेथील धातू मऊ होऊन बाजूस सरकतो, ऑक्साइडचा पापुद्रा फाटतो आणि स्वच्छ धातूस धातू भिडतो. हमीद असदी व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशाच गणनेतून तांब्याच्या क्रांतिक वेगाचा अंदाज बांधला. तो प्रयोगाशी जुळला. कडेचा धातू बाहेर फेकला जाण्याचे मूळ कारण हे मऊ होणे की आघाताची दाबलहर, याविषयी मात्र २०१८ पासून संशोधकांत मतभेद आहेत.

या पद्धतीस मर्यादाही आहेत. जाळे फार ताणले गेले की उत्तरे विश्वसनीय राहत नाहीत. त्यामुळे जाळे अधिक बारीक करून गणित पुन्हा करावे लागते, आणि प्रत्यक्ष कवचाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ते पडताळावे लागते.

किनाऱ्यासाठी बोध

साध्या गणितात पृष्ठभाग स्वच्छ व गुळगुळीत मानलेला असतो. दिवेआगरसारख्या ठिकाणी लोखंडावर क्षार व गंज यांचा थर असतो. तो आधी काढला नाही, तर संगणकाने दिलेला वेग निरुपयोगी ठरेल. शिवाय तांबे अभ्यासास सोयीचे असले, तरी समुद्राकाठी लोखंडावर ते घातक होय. कवचाला जेथे छिद्र पडेल तेथे लोखंड अधिकच वेगाने गंजते. जस्त व ॲल्युमिनियम स्वतः झिजून लोखंडाचे रक्षण करू शकतात. तथापि प्रत्येक धातूचा क्रांतिक वेग निराळा असल्याने त्यांचे गणितही स्वतंत्रपणेच मांडावे लागते. वेगाच्या निवडीत चूक झाली, तर वरून अखंड दिसणाऱ्या कवचाखाली खारे पाणी शिरते आणि गंज दृष्टीआड वाढत राहतो.