धिंगरी अळिंबीतील ‘ड’ जीवनसत्त्वाची वाढ

अळिंबीच्या औषधी गुणांची चर्चा आता खेडोपाडी होऊ लागली आहे. चीन व जपान या देशांत शिटाके व रेशी या अळिंबींना फार पूर्वीपासून आहारात व औषधात स्थान आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या घरी सहज पिकू शकेल अशी अळिंबी मात्र धिंगरी ही होय. तिच्यातील एक उपयुक्त द्रव्य कोणतेही यंत्र अथवा रसायन न वापरता, केवळ योग्य वेळी ऊन देऊन पुष्कळ पटींनी वाढविता येते. हे द्रव्य म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्व. ते कसे वाढते व त्यासाठी कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार या पाठात केला आहे.

‘ड’ जीवनसत्त्वाचे महत्त्व

अन्नातील चुना शरीरात शोषला जाण्यास ‘ड’ जीवनसत्त्वाची आवश्यकता असते. त्याच्या अभावी लहान मुलांना मुडदूस होतो; त्यांची हाडे मऊ पडून पाय वाकतात. प्रौढांचीही हाडे दुबळी होऊन दुखू लागतात. अंगावर ऊन पडले असता हे जीवनसत्त्व त्वचेत तयार होते. परंतु जी माणसे बहुतेक वेळ घरात असतात, किंवा ज्यांचे अंग सदैव झाकलेले असते, त्यांना ते पुरेसे मिळत नाही. माशांच्या यकृताचे तेल, काही मासे व अंड्यातील बलक हे त्याचे आहारातील नैसर्गिक साठे होत. शाकाहारी कुटुंबाला असा पदार्थ क्वचितच उपलब्ध असतो. यास्तव अळिंबीचा हा गुण विशेष मोलाचा आहे.

द्रव्याचे रूपांतर

अळिंबीच्या पेशींत अर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य मुळातच असते. सूर्यप्रकाशातील अतिनील, म्हणजेच जंबुपार, किरण त्यावर पडले की त्याचे एका मधल्या द्रव्यात रूपांतर होते व पुढे उबेने त्याचे ‘ड-२’ जीवनसत्त्व बनते. अन्नपदार्थांवर हे किरण सोडले असता त्यांना मुडदूस टाळण्याचा गुण येतो, हे अमेरिकेतील हॅरी स्टीनबॉक यांनी १९२४ साली दाखविले. अर्गोस्टेरॉलच्या वर्गातील द्रव्ये व त्यांचा जीवनसत्त्वांशी असलेला संबंध यांवरील संशोधनाबद्दल जर्मन शास्त्रज्ञ अॅडॉल्फ विंडाउस यांना १९२८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अळिंबीची लागवड बंद खोलीत होत असल्यामुळे तिच्यात कच्चा माल भरपूर, पण तयार जीवनसत्त्व जवळजवळ नाही, अशी स्थिती असते. ताज्या बटण अळिंबीला मध्यान्हीचे ऊन १५ ते १२० मिनिटे दिले असता १०० ग्रॅममध्ये सामान्यतः १० मायक्रोग्रॅमहून अधिक, म्हणजे ४०० एककांहून अधिक, ‘ड-२’ तयार होते, असे आढळून आले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ माणसाची दैनिक गरज ६०० एकक ठरविली आहे. यावरून लाभाची कल्पना यावी. धिंगरीतही हेच रूपांतर घडते. प्रमाण मात्र ऋतू, उन्हाची तीव्रता व अळिंबीचा आकार यांनुसार बदलते.

प्रथम पीक चांगले हवे

रोगट किंवा जून अळिंबीला ऊन देण्यात अर्थ नाही. भाताचे किंवा गव्हाचे काड अथवा सोयाबीनचे कुटार कोरडे, स्वच्छ व बुरशी न लागलेले घ्यावे. त्याचे बारीक तुकडे करून ते ८ ते १० तास थंड पाण्यात भिजवावे. नंतर पाणी निथळून ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात एक तास ठेवावे. थंड झाल्यावर ओल्या काडाच्या वजनाच्या २ टक्के बी थराथराने मिसळून प्लास्टिकच्या पिशव्या भराव्यात व त्यांना बारीक छिद्रे पाडावीत. पांढरी बुरशी सर्वत्र पसरेपर्यंत, म्हणजे सुमारे १५ ते २० दिवस, पिशव्या अंधाऱ्या खोलीत ठेवाव्यात. नंतर पिशवी काढून पाण्याची हलकी फवारणी करीत राहावे व हवा खेळती ठेवावी. अळिंबीच्या कडा वर वळण्यापूर्वीच काढणी करावी. बी कृषि विद्यापीठाकडून किंवा खात्रीच्या प्रयोगशाळेतूनच घ्यावे.

ऊन देण्याची रीत

१. अळिंबी काढल्यावर देठाचा काड चिकटलेला भाग कापून टाकावा. मोठे घोस सुटे करावेत.

२. बांबूची तट्टी किंवा सूप जमिनीपासून उंचावर ठेवून त्यावर अळिंबी एका थरात पसरावी. ढीग केल्यास खालच्या अळिंबीला किरण लागत नाहीत.

३. छत्रीची पडद्यांची बाजू आकाशाकडे करावी. अर्गोस्टेरॉल पडद्यांत अधिक असते व तेथे किरण पडण्यास पृष्ठभागही अधिक मिळतो. ही एकच गोष्ट चुकली तरी लाभ बराच कमी होतो.

४. वेळ सकाळी ११ ते दुपारी २ च्या दरम्यानची निवडावी. माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा उपयुक्त किरण जोमदार असतात, ही सोपी खूण ध्यानात ठेवावी. हिवाळ्यात अशी वेळ मध्यान्हीच्या आसपास थोडाच काळ मिळते.

५. ताजी विकावयाची अळिंबी १५ ते ३० मिनिटांनंतर सावलीत घ्यावी, नाहीतर ती कोमेजते. वाळवावयाच्या अळिंबीला पहिल्या दिवशी एक ते दोन तास असे ऊन द्यावे. त्यानंतर पातळ कापडाखाली वाळवण पूर्ण करावे.

६. ऊन देताना अळिंबीवर काच किंवा कापड नसावे. खिडकीच्या काचेतून ऊब आत येते, परंतु हे किरण बहुतांशी अडतात. वाळवणी यंत्र वापरणाऱ्यांनीही आधी उघडे ऊन द्यावे व मगच अळिंबी यंत्रात भरावी. यंत्राच्या नुसत्या उष्णतेने जीवनसत्त्व तयार होत नाही.

अधिक ऊन म्हणजे अधिक जीवनसत्त्व, असा समज करून घेऊ नये. फार काळ किरण पडत राहिल्यास तयार झालेले जीवनसत्त्वही मोडू लागते. पावसाळ्यात ऊन नसेल तर अळिंबी यंत्रात वाळवून ठेवावी व उघडीप मिळताच ऊन द्यावे. वाळलेल्या अळिंबीतही हे रूपांतर होते, परंतु ओलसर अळिंबीत ते अधिक सुलभतेने होते.

साठवण व वापर

सुमारे १० किलो ताज्या धिंगरीपासून एक किलो वाळलेली मिळते. मोडताच कडकन तुटेल इतकी ती वाळलेली असावी. हवाबंद डब्यात, अंधाऱ्या व कोरड्या जागी ती साठवावी. प्रकाश, दमटपणा व दीर्घ साठवण यांमुळे जीवनसत्त्व घटते. हे जीवनसत्त्व तेला-तुपात विरघळणारे असल्यामुळे अळिंबीची भाजी फोडणी देऊन करावी. बेताने परतल्यास त्याचा बराचसा भाग टिकून राहतो.

विक्रेत्यांनी घ्यावयाची दक्षता

अळिंबीला किती ऊन मिळाले हे रंगावरून वा वासावरून ओळखता येत नाही. प्रयोगशाळेत तपासणी केल्याखेरीज पाकिटावर जीवनसत्त्वाचा आकडा छापू नये. ‘अमुक रोग बरा होतो’ असे तर मुळीच लिहू नये. अन्नपदार्थांच्या जाहिराती व दावे यांसंबंधी २०१८ साली केलेल्या केंद्रीय नियमांनी अशा दाव्यांना आळा घातला आहे. धिंगरी हे पौष्टिक अन्न आहे. ते वैद्याच्या औषधाची जागा घेऊ शकत नाही. मुडदुसाची लक्षणे दिसणाऱ्या मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात नेणे हेच योग्य होय.

तसेच, पावसाळ्यात रानात उगवणारी अनोळखी अळिंबी आणून तिला ऊन देण्याचा प्रयोग कोणीही करू नये. उन्हाने किंवा शिजविण्याने विषारी अळिंबीचे विष हटेल, असा भरवसा धरणे जिवावर बेतते. या पाठातील सर्व सूचना केवळ लागवड केलेल्या अळिंबीसाठी आहेत.

कार्यकर्त्यांस सूचना

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय नुसत्या भाषणाने न मांडता प्रत्यक्ष दाखवावा. महिला बचत गटाच्या बैठकीत दोन सुपे घ्यावीत. एकात पडदे वर करून, तर दुसऱ्यात पडदे खाली करून अळिंबी मांडावी व कोणती पद्धत बरोबर व ती का, हे समजावून द्यावे. त्यानंतर अंगणात उभे राहून प्रत्येकीस स्वतःची सावली पाहावयास सांगावे. या कामास लागणारे ऊन प्रत्येक अंगणात विनामूल्य पडते. ते नेमक्या वेळी व नेमक्या बाजूवर घेण्याची सवय लागली, की तेवढ्याच काडातून व तेवढ्याच श्रमातून घरच्या मुलाबाळांना अधिक कसदार अन्न मिळेल.