काम हे फूल आहे, देव नव्हे



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४६

‘कर्म हीच पूजा’ असं पोस्टर तुमच्याही ऑफिसात कुठेतरी लागलेलं असेल. आयटीत इतकी वर्षं काढल्यावर माझं एक निरीक्षण आहे : हे वाक्य बहुतेक वेळा रात्री साडेदहाच्या कॉललाच कुणाला तरी आठवतं! आणि आधार म्हणून हाच श्लोक सांगितला जातो. म्हणून आज तो जरा सावकाश वाचूया.

सरळ अर्थ असा : ज्याच्यापासून सगळे जीव आले आणि ज्याने हे सगळं व्यापलं आहे, त्याची आपल्या कर्माने पूजा करून माणूस सिद्धी मिळवतो.

आता शाळेतलं संस्कृत आठवा. ‘स्वकर्मणा’ ही तृतीया, म्हणजे कर्माने. ‘तम्’ ही द्वितीया, म्हणजे त्याला. पूजा कर्माची नाही. पूजा त्याची, आणि कर्म हे पूजेचं साहित्य. शके १२१२ मधल्या ज्ञानेश्वरीत माउलींनी इथे स्वकर्माला फुलंच म्हटलं आहे. फूल ताजं हवं, नीट निवडलेलं हवं. पण आपण फुलापुढे हात जोडत नाही.

एवढा फरक कळला की रोजचे दोन गुंते सुटायला लागतात.

पहिला गुंता : ‘माझं काम किरकोळ आहे, आवडीचंही नाही. त्यात कसला आलाय अर्थ?’ जनाबाई नामदेवांच्या घरी दळण-कांडण करायची. ते काम तिने ‘पॅशन’ म्हणून निवडलेलं नव्हतं. तरी जात्याशी बसल्या बसल्या तिचा संवाद विठ्ठलाशी चालायचा. सावता महाराज अरणच्या मळ्यात राबायचे. देव त्यांना तिथेच भेटला. आजही पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला जाते. ‘ज्याने सगळं व्यापलं आहे’ हे शब्द खरे मानले, तर माझ्या स्क्रीनच्या पलीकडेही तोच आहे. मध्ये आम्ही एक फॉर्म करत होतो. चुकलं की त्यावर फक्त ‘अवैध माहिती’ एवढंच यायचं. तिथे मी लिहिलं, ‘जन्मतारीख दिवस-महिना-वर्ष अशी भरा.’ पाच मिनिटांचं काम. पण पलीकडे कुणाचे तरी आजोबा चष्मा सावरत बसले असतील, त्यांचा जीव भांड्यात पडेल. माझ्यासाठी ते त्या दिवसाचं फूल.

दुसरा गुंता जास्त खोल आहे : कामच देव होऊन बसतं. माझ्या एका मित्राला कंपनीने एका मेलवर नारळ दिला. पुढचे दोन महिने तो रोज सकाळी आईला फिजिओथेरपीला न्यायचा, तिच्याकडून व्यायाम करून घ्यायचा, स्वयंपाकाला हात लावायचा. आणि कुणी विचारलं की मान खाली घालून म्हणायचा, ‘सध्या काहीच करत नाही.’ काहीच? श्लोकात ‘स्वकर्म’ म्हटलंय, ‘पगारी कर्म’ नाही! नोकरी जाण्याचा धक्का मोठाच असतो, आणि घराचा हप्ता काही श्लोकाने भरला जात नाही. पण त्याच्या हातातलं एक फूल गेलं होतं. ज्याला ते वाहायचं, तो कुठेच गेला नव्हता. आणि आईचा हात धरून जिना उतरवणं हेही फूलच होतं, ते फक्त सीव्हीवर लिहिता येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘कर्म हीच पूजा’ म्हणून शनिवार मागितला, तर मनातल्या मनात विभक्ती तपासा. पूजा कुणाची चालली आहे?

आजचा अभ्यास : आजच्या कामांतलं सगळ्यात छोटं, कुणाच्या नजरेत न येणारं एक काम निवडा. सुरू करण्याआधी एकदा नाम घ्या, ते नीट करा आणि कुणालाही न सांगता सोडून द्या. निर्माल्याचा हिशेब आपण ठेवत नाही ना, तसंच.

उद्या भेटूच. राम कृष्ण हरी 🙏